लेकरांच्या हाती परात



या अंकासाठी ‘लहान मुलांचं शिक्षण आणि स्वयंपाक’ हा विषय मी बैठकीत मांडला, तेव्हा आमच्यातल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीनं सरळच विचारलं, “अगं, आयुष्यभर आपण बायकांना चुलीपासून मोकळं करायच्या गोष्टी बोललो. आता तीन-चार वर्षांच्या लेकरांना तिथं नेऊन बसवायचं का?” बैठकीत दोन तट पडले आणि विषय त्या दिवशी तसाच राहिला.

तिचा प्रश्न टाळून पुढं जाता येणार नाही, म्हणून हे संपादकीय त्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच लिहिते आहे. माझं म्हणणं असं आहे की आपल्या भागात लेकरं स्वयंपाक शिकतातच. त्यातल्या निम्म्यांना तो सक्तीनं शिकवला जातो आणि उरलेल्या निम्म्यांना त्यापासून सांभाळून दूर ठेवलं जातं, एवढंच. ही वाटणी सहाव्या-सातव्या वर्षाच्या आत होऊन जाते. ती मोडायची तर त्याच वयात, म्हणजे अंगणवाडीत हात घालायला हवा. शिवाय त्या वयाच्या मुलांना मोजणं, निवडणं, लावणं, थांबणं, बोलणं हे सगळं शिकायला स्वयंपाकाइतकं हाताशी असलेलं दुसरं साधन खेड्यात तरी मला दिसत नाही.

माझं काम किल्लारी आणि भोवतालच्या गावांत. किल्लारीचं नाव बाहेर कुठं घेतलं की लोकांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. गणपती बोळवून गावं झोपली होती. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी धरणी हलली आणि दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं माळवद असलेली घरं झोपलेल्यांच्या अंगावर आली. सरकारी आकड्यानुसार जवळपास आठ हजार माणसं गेली. पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. पुनर्वसनात बायकांचा आवाज यावा म्हणून प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’नं गावोगावच्या महिलांना संवाद सहायक म्हणून उभं केलं, त्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. मी त्या वेळी कळत्या वयाची नव्हते. पण माझ्या कामात ज्या बायका रोज भेटतात, त्यातल्या कितीतरी जणी तेव्हा नऊ-दहा-अकरा वर्षांच्या होत्या, आणि त्यांच्याकडून भूकंपाची एक वेगळीच हकिकत ऐकायला मिळते.

एकजण सांगत होती. आई आणि धाकटी बहीण ढिगाऱ्याखाली गेल्या. उरले वडील, दोन भाऊ आणि ही. पहिले काही दिवस बाहेरून आलेल्यांच्या पंगतीत जेवण मिळालं. मग पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावर कुणीतरी पीठ दिलं, कुणी तवा दिला. “मला कुणी शिकिवलं न्हाई ताई. माय न्हवती, मग मीच थापली भाकर. तुटायली, करपायली, तशीच खाल्ली समद्यांनी.” तिचा थोरला भाऊ तिच्याहून दोन वर्षांनी मोठा होता. परात त्याच्यापुढं कुणी ठेवली नाही, कुणाच्या मनातही आलं नाही. तो पुढं बारावी झाला. हिची शाळा चौथीला सुटली. आज ती बचत गटाची अध्यक्ष आहे, हिशेब तोंडी करते, आणि सही करताना तिचा हात अजून थबकतो.

हे काही भूकंपामुळंच झालं असं नाही. जळकोट, अहमदपूर, मुखेड, कंधारकडच्या तांड्यांतून आणि वस्त्यांतून दरसाल दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आई पहाटे फडावर जाते तेव्हा कोपीत मागं राहिलेल्या धाकट्याचं दूध, भाकरी, सारवण कुणाकडं येतं हे मी तुम्हाला सांगायला नको. घरी आजीजवळ ठेवलेल्या मुलींचंही तेच. सात-आठ वर्षांची पोर चुलीपुढं बसून फुंकणीनं जाळ करते, आणि आजूबाजूची माणसं कौतुकानं म्हणतात, “लई गुणाची हाय.” तिच्याच वयाचा पोरगा बाहेर टायर फिरवत असतो. तोही गुणाचाच असतो, त्याला तसं सिद्ध करावं लागत नाही.

केंद्र सरकार वेळेच्या वापराची पाहणी करतं. २०१९ च्या पाहणीत घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, बायकांची २८९ झाली आणि पुरुषांची ८८. म्हणजे बायकांची दहा मिनिटं वाचली असतील, तर पुरुषांनीही आपली नऊ वाचवून घेतली! या पाहणीत माणूस मोजायला सुरुवात होते वयाच्या सहाव्या वर्षापासून. सहा वर्षांच्या मुलीच्या दिवसात घरकामाचा हिशेब मांडण्यासारखं काही असतं, हे सरकारलाही ठाऊक आहे तर.

आता अंगणवाडीत येते. तीन वर्षांची मुलं भातुकली खेळतात तेव्हा पोरगे-पोरी सगळेच मातीच्या भाकरी थापतात, सगळेच लटका चहा पाजतात. पाच वर्षांच्या मुलांकडं पाहा. पोरं ट्रॅक्टर झालेली असतात, नाहीतर दुकानदार. भाकरी थापायला पोरीच उरतात. मधल्या दोन वर्षांत कुणी त्यांना बसवून धडा दिलेला नसतो. “पोरगं असून काय सैपाक करलालास रं?” एवढं एखाद्या आत्यानं हसत हसत म्हटलेलं पुरतं.

आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. कितीतरी अंगणवाड्यांत गरम आहार बचत गटाच्या बाईच्या घरी शिजतो आणि डब्यातून येतो. त्याची कारणं खरी आहेत. खोली एकच, धूर, जागेची अडचण. पण त्यामुळं मुलांना दिसतं ते फक्त झाकण उघडल्यावरचं पातेलं. “खिचडी कुठून येते?” असं विचारलं तेव्हा चार-पाच जणांनी एकदम सांगितलं, “डब्यातून.” त्यांचं काही चुकलं नाही. डाळ, तांदूळ, पाणी, जाळ आणि एका बाईची सकाळ, यातलं त्यांना काहीच दाखवलेलं नव्हतं.

गेली दोन वर्षं काही अंगणवाड्यांत, सेविकांच्या तयारीनं, आठवड्यातून एक सकाळ आम्ही ‘सैपाकाची’ ठेवतो. एका वेळी आठ-दहा मुलं, त्यांत मुलगे-मुली निम्मे निम्मे. साहित्य गावातलंच. मेथीची जुडी, तुरीच्या शेंगा, ज्वारीचं पीठ, लिंबं, गूळ, मटकी. खर्च फारसा होत नाही, आणि खेळण्यांच्या पेटीसारखं कपाटात कुलूपबंदही ठेवावं लागत नाही. (साहेब तपासणीला येतील म्हणून खेळणी नवीकोरी ठेवणाऱ्या अंगणवाड्या तुम्हीही पाहिल्या असतील.)

मटकीचंच सांगते. सोमवारी मुलांनी मूठमूठ मटकी भांड्यात टाकली, त्यावर पाणी ओतलं. मंगळवारी पाहिलं तर पाणी कमी आणि मटकी फुगलेली. पाणी कुठं गेलं यावर मोठा वाद झाला. सांडलं, उंदरानं पिलं, मटकीनं पिलं. मग ती दोन फडक्यांत बांधली. एक पुरचुंडी मदतनीस बाईंनी घरी नेऊन चुलीच्या उबेला ठेवली, दुसरी अंगणवाडीच्या गार फरशीवर. थंडीचे दिवस होते. बुधवारी उबेतल्या मटकीला पांढरे मोड आलेले, फरशीवरची नुसती टचटचीत. एक पोरगा दोन्ही पुरचुंड्या हुंगून म्हणाला, “ही उठली. ही निजलीय अजून.” ऊब, पाणी आणि वेळ यांचा संबंध त्यानं आपल्या शब्दांत मांडला होता. सोमवार, मंगळवार, बुधवार ही नावं तो आजवर नुसती घोकत होता, त्या आठवड्यात ती त्याला हाताला लागली.

निवडण्यात तर मुलं रंगून जातात. मेथीची पानं इकडं, काड्या तिकडं. शेंगा फोडताना अंगठा आणि दोन बोटं ज्या पद्धतीनं जोर लावतात, त्याच पकडीनं पुढं पेन्सिल धरायची असते. चार वर्षांच्या मुलाचा हात धरून पाटीवर ‘ग’ गिरवून घेण्यापेक्षा त्याच्यापुढं शेंगांची रास ठेवावी. बोटं तयार होतील आणि तोंडही चालू राहील, कारण शेंगा सोलताना कुणीही गप्प बसत नाही. कोवळी, निबर, किडकी, पोचट, टपोरी असे शब्द एका शेंगेवरून येतात. बालवाडीच्या छापील पुस्तकात त्या वेळी ‘ए फॉर ॲपल’ चाललेलं असतं. आमच्या गावात सफरचंद येतं ते आजारी माणसाला.

मापांची गोष्ट मला सगळ्यात आवडते. एका गावच्या आजींनी आपली जुनी मापं आणून दिली. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे पायली. मुलांनी चिपट्यानं ज्वारी ओतायला सुरुवात केली. पहिल्यांदा दोन चिपटी टाकूनही मापटं भरलं नाही, दुसऱ्यांदा सांडून वर आलं. गोंधळ उडाला. मग एका पोरीच्या ध्यानात आलं की एकजण काठोकाठ सपाट भरतोय आणि दुसरी शीग लावून. सगळ्यांनी मिळून ठरवलं की हातानं सपाट करायचं, तरच खरं. मोजायचं तर माप दरवेळी सारखंच भरायला हवं, हा धडा यापेक्षा वेगळा कसा द्यायचा? आजी शेजारी बसून ऐकत होत्या. त्या सहज बोलून गेल्या, “आमच्या वक्ताला मजुरी सपाट मापानं मिळायची, अन् उसनं परत घेताना शिगेनं घ्यायचे.” मुलांना ते कळलं नसेल. सेविकेला कळलं. तिनं ते बचत गटाच्या बैठकीत सांगितलं.

पीठ मळणं, लिंबाच्या सरबतात साखर विरघळताना बघणं, गूळ किसणं हे सगळं यातच येतं. जाळाशी मात्र मुलं जात नाहीत. चुलीचं किंवा शेगडीचं काम मोठ्या बाईचं. जमिनीवर खडूची रेघ मारलेली असते आणि मुलं रेघेपलीकडून बघतात. विळी-सुरी त्यांच्या हातात येत नाही. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांच्या आतल्या मुलांना देत नाही, कारण ते घशात अडकू शकतात. त्यांचं कूट करतो, आणि कूट खलबत्त्यात कुटायला सगळे धावतात. आधी साबणानं हात, मग काम. पालक पहिल्या दिवशी हेच विचारतात, आणि त्यांनी ते विचारायलाच हवं.

यात नवं काही नाही, हेही सांगायला हवं. १९०७ साली रोममध्ये मारिया माँटेसोरींनी गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह काढलं, तेव्हापासून वाढणं, पुसणं, धुणं, ओतणं हे रोजचे उद्योग त्यांच्या पद्धतीचा भाग होते. आपल्याकडं १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आणि पुढं कोसबाडला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर या दोघींनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली, आणि महागड्या साधनांऐवजी बिया, पानं, शिंपले घेतले. ‘अंगणवाडी’ हा शब्दही ताराबाईंचा. सरकारनं २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि हा शब्द गावोगाव पोचला, पण अंगण मागं राहिलं आणि वाडी चार भिंतींत गेली. १९३७ साली वर्ध्याला नई तालीम मांडली गेली, तेव्हाही हातानं काम करत शिकणं हाच तिचा गाभा होता. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलगे आणि मुली मिळून स्वयंपाक करतात. जपाननं तर २००५ साली अन्नशिक्षणाचा कायदाच केला. तिथं प्राथमिक शाळेतली मुलं पाळीपाळीनं डोक्याला टोपी बांधून सगळ्या वर्गाला जेवण वाढतात आणि नंतर आवरतातही.

या ‘नंतर आवरतात’वर मला थोडं थांबायचं आहे. आमच्या सुरुवातीच्या सकाळींत एक गंमत दिसली. मळायला, कुटायला, चाखायला मुलगे पुढं. काम संपलं की ते पळाले अंगणात, आणि परात विसळायला, फरशी पुसायला कुणी न सांगता तीन-चार पोरी थांबल्या. चार वर्षांच्या! एका सेविकेनं ते पाहिलं आणि पुढच्या आठवड्यापासून नियम केला: ज्यानं मळलं, त्यानंच घासायचं. एका पोराच्या आजीला हे कळलं तेव्हा ती तरातरा आली. “पोराच्या हातात राख अन् काथ्या कशाला देताव बाई? घरी बहिणी हायेत की त्याला.” सेविका शांतपणे म्हणाली, “आजी, बहिणी लगीन होऊन गेल्यावर?” आजी म्हणाल्या, “मग बायको येईल.” यावर काय बोलणार? सेविकाही हसली, आजीही. पण पोरानं परात घासली, कारण त्याला राखेनं चकचकीत करायला आवडलं होतं. तूर्त आमच्या बाजूला तेवढंच आहे.

‘आईला मदत’ हे शब्द आम्ही अंगणवाडीतून काढून टाकले आहेत. मदत म्हटलं की काम आईचंच राहतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. चित्र चांगलं आहे. पण चित्रातल्या बाबांकडं बोट दाखवून एका मुलीनं विचारलं होतं, “यांची बायको आजारी हाय का?” चित्राशेजारी खरी जुडी आणि खरा बाप बसल्याशिवाय तिच्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही.

आणि जात. हा विषय काढला की बैठकीत जरा शांतता होते, पण स्वयंपाकाबद्दल लिहायचं आणि जातीबद्दल लिहायचं नाही हे कसं जमणार? कुणाच्या हातचं कोण खातं यावर आपला सगळा समाज उभा आहे. नवी गावं वसवली तेव्हा रस्ते सरळ आखले, घरं एका मापाची बांधली. कोण कुणाच्या ओसरीवर पाणी पितं हे मात्र आराखड्यात नव्हतं. एका गावात, नाव मुद्दाम देत नाही, मुलांनी मिळून शेंगदाण्याचं कूट आणि गुळाचे लाडू वळले. सगळ्या वस्त्यांतली मुलं होती, सगळ्यांचे हात एकाच परातीत होते. दुसऱ्या दिवशी तीन घरांतली मुलं आली नाहीत. एका आजोबांनी निरोप धाडला होता, “आमच्या पोराला तुमचं शिक्षण नको.” सेविका त्याच गावची, त्याच गावात तिला नांदायचं. ती कुणाशी भांडली नाही. लाडूचा दिवस मात्र तिनं बंदही केला नाही. महिन्याभरात दोन मुलं परत आली. तिसरं आलं नाही. त्याला दुसऱ्या गावच्या इंग्रजी बालवाडीत घातलं, तिथं डबा घरचा असतो.

म्हणून काही मैत्रिणी म्हणतात तसं ‘कोरडे’ उपक्रम घ्यावेत, प्रत्येकानं आपापल्या घरचं आणून आपापलं खावं, म्हणजे वाद नको, हे मला मान्य नाही. मग उरतो तो नुसता बोटांचा व्यायाम. एका परातीत हात घालून एकत्र खाणं यातूनच काढून टाकलं तर हे सगळं करायचं कशासाठी?

आता या सेविकेबद्दल. हा अंक वाचून उद्या एखाद्या कार्यालयातून परिपत्रक निघेल की दर शुक्रवारी पाककृती उपक्रम घ्यावा व छायाचित्र पाठवावं, अशी मला खरीच भीती वाटते. अंगणवाडी सेविका कागदोपत्री ‘मानसेवी’ आहे. वजन-उंची, लसीकरण, गरोदर बायकांची नोंद, सर्वेक्षणं, मोबाइलवरचं पोषण ट्रॅकर, हे सगळं सांभाळून तिनं बालशिक्षण करायचं, आणि मिळतं ते मानधन, पगार नव्हे. सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटी मिळायला हवी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २५ एप्रिल २०२२ रोजी दिला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांना संपावर जावं लागलं आणि तो पन्नासहून अधिक दिवस चालला. बाईनं घरी केलेला स्वयंपाक जसा मोजत नाहीत, तसं तिनं अंगणवाडीत केलेलं शिकवणंही मोजत नाहीत. लेकरं सांभाळणं तिला उपजत येतंच, असं धरलेलं असतं. स्वयंपाकातून शिक्षण द्यायचं असेल तर त्यासाठी तिला वेळ, साहित्याचे पैसे आणि प्रशिक्षण मिळालं पाहिजे. आमच्या भागात आतापर्यंत जे झालं ते सेविकांच्या हौसेवर आणि बचत गटांनी दिलेल्या गूळ-शेंगदाण्यावर. हौसेवर चाललेल्या कामाचा बोजा नेहमी कुणावर येतो, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

आमच्या ज्येष्ठ मैत्रिणीला माझं उत्तर एवढंच. चुलीपासून मोकळं व्हायचं म्हणजे चूल विझवायची असं नाही. माणसाला रोज जेवायला लागतंच. ते काम कुणा एकीच्या जन्माला चिकटवलेलं नसावं आणि त्यातलं शहाणपण अडाणीपणात मोजलं जाऊ नये, एवढंच म्हणणं आहे. भूकंपानंतर शाळा सुटलेली ती मुलगी किती पिठाला किती पाणी, किती माणसांना किती भाकरी, किती जाळ, याचा अंदाज अकराव्या वर्षी अचूक बांधत होती. तिला कुणी हुशार म्हटलं नाही. तिच्या भावाला म्हटलं. हे उत्तर तिला पटलं का? पूर्ण नाही. “पाच-सहा वर्षांनी ही पोरं घरी काय करतात ते बघू,” असं म्हणाली. तिचं म्हणणं या अंकात स्वतंत्र लेख म्हणून घेतलं आहे, तो जरूर वाचा.

मार्गशीर्षातली अमावस्या जवळ येते आहे. लातूर, धाराशिव, नांदेडकडच्या वाचकांना येळवस सांगायला नको; बाहेरच्यांसाठी सांगते, वेळ अमावस्येला आमच्याकडं गावं रिकामी होतात आणि सगळे शेतात जेवतात. कडब्याची कोप, आंबील, उंडे, गव्हाची खीर, आणि भज्जी. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाल, वाटाणा, मेथी, पात, जे जे शेतात असेल ते सगळं बेसनात शिजवलेली. फार सुंदर सण आहे. पण त्याच्या आदल्या रात्री गावातली एकही बाई झोपत नाही. शेंगा सोलून सोलून नखं दुखतात, पहाटे डोक्यावर टोपल्या घेऊन पुन्हा त्याच चालत निघतात, आणि पुरुष मोटारसायकलवर मित्रांना जेवायला बोलवायला जातात.

यंदा तीन गावांतल्या अंगणवाड्यांत आदल्या दिवशी दुपारी शेंगा सोलायचं ठरलं आहे. मुलं तर असतीलच. बोलावणं बापांना आहे, आणि सोललेले दाणे घरोघरी जायचे आहेत, म्हणजे रात्रीचं तेवढं काम उरकलेलं असेल. चिठ्ठ्या मुलांच्या हातीच पाठवल्या. आजपर्यंत अकरा बापांनी येतो म्हणून सांगितलं. त्यातल्या दोघांनी, दार लावून घेणार का, असं विचारलं. दार उघडं राहील असं सेविकेनं कळवलं आहे. किती आले ते पुढच्या अंकात कळवू.